घरात काढण्यासारखं आहे तरी काय?

मिरजेहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय एक्कावन्न. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा त्यांनी चांगल्या श्रेणीत पास केल्या. मग लग्न, नोकरी, मुलं यांत रंगपेटी माळ्यावर गेली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पुन्हा ब्रश हातात घेतला आणि जलरंगाच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी लडाख टाकतं, कुणी बनारसचे घाट, कुणी हंपी. इकडे त्यांच्या सासूबाई गेल्या वर्षापासून अंथरुणाला खिळलेल्या. दोन तासांपेक्षा जास्त घर सोडता येत नाही. मोबाइलवर सापडलेल्या फोटोंवरून त्या चित्रं काढतात, पण मन भरत नाही. घरातलं काही मांडून बसलं की ‘शाळेतलं स्थिरचित्र’ होतं. परसात ‘जास्वंद, कढीपत्ता आणि न्हाणीच्या पाण्यावर माजलेलं अळू, बाकी काही नाही’. सर म्हणतात, बाहेर पडल्याशिवाय नजर तयार होत नाही. यजमान म्हणतात, कांदा घरात आहेच, त्याचं चित्र कशाला? त्या विचारतात: बाहेर पडता येईल तोवर थांबू, फोटोंवरून काढत राहू, की हा नादच सोडून देऊ?

प्रिय ताई,

‘बाकी काही नाही’ असं तुम्ही लिहिलंत, पण त्याआधी अळू कशावर माजलं आहे तेही लिहिलंत. पत्र चित्राबद्दल होतं, न्हाणीच्या पाण्याचा उल्लेख केला नसता तरी चाललं असतं. तो तुमच्याकडून आपसूक झाला. म्हणून तुमची नजर तयार नाही, हे मी मानायला तयार नाही.

मग घरात काही दिसत का नाही? मला वाटतं, घरात आपल्याला वस्तू दिसायच्या आधी कामं दिसतात. ओट्यावरचं पातेलं म्हणजे घासायचं पातेलं. दोरीवरची चादर म्हणजे पाऊस यायच्या आत काढायची चादर. जास्वंद म्हणजे देवाची फुलं आणि अळू म्हणजे कधीतरी वड्या करायच्या आहेत ही आठवण. लडाखमधलं पातेलं तुम्हाला घासायचं नसतं, म्हणून ते तिथे नुसतं पातेलं म्हणून दिसतं: त्याचा काळा बूड, त्यावर पडलेलं ऊन, शेजारची सावली. प्रवासात नजर मोकळी होते ती बऱ्याच अंशी हात मोकळे असतात म्हणून. तेव्हा ‘माझ्या घरात विषय नाहीत’ या वाक्याच्या जागी ‘माझ्या घरात मला मोकळा अर्धा तास नाही’ हे वाक्य ठेवून बघा. मला तरी खरी अडचण तीच वाटते, आणि तिच्यावर इलाज आहे.

फ्रेंच चित्रकार बर्थ मोरिसो (१८४१–१८९५) हिचं उदाहरण मुद्दाम देते. तिच्या काळी, तिच्या वर्गातल्या बाईला एकटीने पॅरिसच्या कॅफेत किंवा रस्त्यावर ईझल मांडून बसायची सोय नव्हती. तिचे मित्र जिथे जात तिथे तिला जाता येत नसे. तिने घर, बाग, आरशासमोरची बाई, खिडकीतली बाई असे विषय रंगवले. १८७२ साली तिने आपल्या बहिणीला पाळण्याशेजारी बसलेली रंगवलं. १८७४ च्या दृक्प्रत्ययवाद्यांच्या (इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या) पहिल्या प्रदर्शनात ते चित्र होतं आणि आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. चित्रात पाळण्यावरची पातळ जाळी आहे, तिच्याआड झोपलेलं बाळ आहे आणि गालाला हात लावून बसलेली आई आहे. ती आई म्हणजे एदमा, बर्थची बहीण. दोघी एकत्र चित्रकला शिकल्या होत्या, आणि एदमाने १८६९ मध्ये लग्न झाल्यावर चित्रकला जवळजवळ सोडली. तुमचा तिसरा पर्याय वाचताना मला एदमा आठवली. त्या पर्यायाचा विचार करूच नका.

पण यातून ‘बघा, घरातच सगळं असतं, बाहेर जायची गरजच काय’ असा अर्थ कुणी काढू नये. मोरिसोला घर रंगवावं लागलं, कारण बाकीची दारं बंद होती, आणि ती बंद होती हे वाईटच होतं. तुम्हाला हंपीला जावंसं वाटतं ही इच्छा खरी आहे, ती मनात राहू द्या. घरातले विषय हंपीच्या बदली म्हणून काढायला बसलात तर तुम्ही प्रत्येक कांद्यावर रुसाल. ते त्यांच्या जोरावर चांगले विषय आहेत.

आता त्या अर्ध्या तासाचं बघू. घरच्या विषयांबद्दल बोलताना इटलीच्या जॉर्जो मोरांदीचं (१८९०–१९६४) नाव हमखास निघतं. बोलोन्यातल्या घरात, ज्या खोलीत झोपायचा त्याच खोलीत, त्याने आयुष्यभर बाटल्या, बरण्या, डबे रंगवले. काचेची चकाकी नको म्हणून काही बाटल्यांना तो रंग फासून ठेवी, त्यांच्यावर धूळ बसू देई. गोष्ट खरी आहे आणि सुंदर आहे. फक्त त्या घरात आई आणि तीन बहिणी होत्या, घर चालवायचं ओझं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर नव्हतं, हे सांगायचं राहून जातं. तुमच्या डोक्यावर ते आहे. तेव्हा मोरांदीची चिकाटी अंगी आणण्याआधी त्याला मिळालेली सवड थोडी तरी मिळवावी लागेल. यजमानांना स्पष्ट सांगा: संध्याकाळी साडेपाच ते सहा आईंच्या हाकेला तुम्ही ‘ओ’ द्यायची. कांद्याचं चित्र कशाला, हा वाद घालू नका, तो वादाने सुटणारा नाही. अर्धा तास मात्र मागून घ्या. तो मागायला चित्र चांगलं येण्याची अट नाही.

या अर्ध्या तासातली दहा मिनिटं सामान काढण्यात आणि दहा आवरण्यात गेली तर काही होणार नाही. म्हणून एका जुन्या ट्रेमध्ये सगळं कायमचं मांडून ठेवा: टू बी पेन्सिल, एक जाड आणि एक बारीक गोल ब्रश, पाण्याची बाटली, फडकं आणि चार रंग. लेमन यलो, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना एवढ्यांत वर्षभर भागतं. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, घ्या, तो पाण्याने फारसा फुगत नाही. २२ बाय ३० इंचांचा एक मोठा कागद आठ तुकड्यांत कापलात तर प्रत्येक तुकडा साडेसात बाय अकरा इंचांचा होतो. चित्र बिघडलं तर कागदाचा आठवा भाग गेला, एवढंच. महागड्या कागदाची धास्ती अनेकींना हात आखडून चित्र काढायला लावते.

आणि काही मांडू नका. ‘शाळेतलं स्थिरचित्र’ होतं कारण तुम्ही शाळेतल्यासारखं मांडता: टेबल, त्यावर चुण्या पाडलेला कापडाचा तुकडा, एक तांब्या, दोन फळं. त्या मांडणीचा उपयोग परीक्षेला होता. तुमच्या स्वयंपाकघरात कापडाच्या चुण्यांवर फळं कधी ठेवलेली असतात? त्यापेक्षा काम जिथे थांबलं तिथे वस्तू जशा पडल्या असतील तशाच काढा. विळी, पाटावर अर्धी निवडलेली मेथी, बाजूला काड्यांचा ढीग, कागदावर पडलेली मुळं. लग्नपत्रिकेच्या जाड कागदात एक चौकोनी खिडकी कापून घ्या आणि तिच्यातून बघत फिरा. चौकटीत वस्तू अर्धवट कापली गेली तर जाऊ द्या. पातेल्याचा नुसता कान आणि मागची खिडकी एवढंही चित्र पुरतं.

तुम्ही म्हणाल, पण मेथी निवडत असताना मी काढू कधी? इथे तुमच्या ग्रेड परीक्षा कामाला येतील. स्मरणचित्राचा पेपर आठवतो ना? बहुतेक जणी तो शाळेबरोबर सोडून देतात, आणि तोच पेपर घर सांभाळणाऱ्या बाईला सगळ्यांत उपयोगी आहे. काम करताना हात अडकलेले असतात, डोळे मोकळे असतात. पोळ्या लाटताना एकच गोष्ट ठरवून बघायची, जसं की गॅसच्या उजेडात तव्याच्या कडेचा रंग कोणता होता, आणि संध्याकाळी तेवढीच कागदावर उतरवायची. फ्रेंच चित्रकार पिएर बोनारची (१८६७–१९४७) जेवणाची टेबलं, न्हाणीघरं, खिडकीबाहेरच्या बागा बहुतेक अशाच तयार झाल्या. तो रोजच्या डायरीत पेन्सिलीने छोटं टिपण काढायचा, शेजारी त्या दिवशीची हवा लिहायचा, आणि चित्र नंतर खोलीत बसून आठवणीतून रंगवायचा. तुमच्या ओट्याशेजारी वाण्याची यादी करायची वही असेलच. तिच्याच मागच्या पानावर काढा. ‘सकाळ, ढगाळ, स्टीलचा डबा निळसर’ एवढं लिहिलेलंही पुरतं.

आता त्या अळूकडे येऊ, कारण मला ते तुमच्या घरातलं सगळ्यांत मोठं धन वाटतं. सकाळी ऊन तिरपं असताना अळूजवळ बसा. उन्हाच्या बाजूने पान पाहिलंत तर ते हिरवं कमी आणि निळसर राखाडी जास्त दिसेल, कारण पानाचा वरचा मेणचट भाग आकाश परतवतो. आता दुसऱ्या बाजूला जाऊन, ऊन पानाच्या मागे येईल असं बसा. तेच पान पिवळं पेटलेलं दिसेल आणि शिरांचं जाळं स्पष्ट होईल. एकाच पानाचे हे दोन हिरवे एका नळीत मिळत नाहीत. पिवळट भाग आधी घाला, जवळजवळ नुसता लेमन यलो, कागदाचा पांढरेपणा त्यातून बोलला पाहिजे. तो वाळला की अल्ट्रामरीन, थोडा पिवळा आणि कणभर बर्न्ट सिएना मिसळून निळसर भाग. तयार हिरवा रंग वापरल्यामुळेच घरोघरची झाडं प्लास्टिकची दिसतात, असं माझं ठाम मत आहे.

देठ कुठे जोडलेला आहे तेही नीट बघा. आपण हाताच्या सवयीने तो पानाच्या काठावर, खाचेत काढतो. अळूचा देठ काठापासून आत, पानाच्या पाठीला जोडलेला असतो आणि शिरा तिथून फाकतात. हे एक बरोबर आलं की पान आपोआप झुकतं, त्याला वजन येतं. वडीचं अळू असेल तर देठ जांभळट काळा, तो तुमच्या सगळ्या हिरव्यांना तोल देईल. आणि पानावर पाणी शिंपडून पाहा. थेंब पसरत नाही, गोळा होऊन थरथरतो. त्याची जी बाजू उजेडाकडे आहे ती आतून गडद असते, त्या गडदात एक पांढरा ठिपका असतो, आणि समोरची बाजू उजळलेली असते. आपल्याला वाटतं त्याच्या बरोबर उलट. मी हे असं सांगितल्याने तुमचा हात वळणार नाही. खाली बसून, एक डोळा मिटून, तुम्ही स्वतः पाहिलंत की वळेल.

जास्वंदीचं इतकंच सांगते की फूल दिवसभराचं सोबती, संध्याकाळी मिटायला लागतं. म्हणून आधी फूल, मग पानं. आणि देवाला फुलं काढताना एक झाडावर राहू द्या. लाल पाकळीच्या सावलीत काळा घालू नका, क्रिमसनमध्ये थोडा अल्ट्रामरीन घाला.

ऊन सरकतं याचा नव्याने काढणाऱ्यांना फार त्रास होतो. सावलीची कड पहिल्या दोन मिनिटांत पेन्सिलीने पक्की करा आणि मग ऊन कुठेही जाऊ दे, ती बदलू नका. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने एकेका प्रकाशासाठी वेगळा कॅनव्हास ठेवायचा आणि ऊन बदललं की कॅनव्हास बदलायचा. त्याने १८९०–९१ मध्ये रंगवलेल्या त्या प्रसिद्ध गंज्या झिव्हर्नी या गावात त्याच्या घराजवळच्याच शेतातल्या होत्या. तुम्हालाही सकाळच्या अळूचा एक तुकडा आणि संध्याकाळच्या अळूचा दुसरा असं ठेवता येईल. दोन्ही थोडे थोडे पुढे सरकतील.

फोटोंवरून काढायचं की नाही, याबद्दल थोडक्यात. दुसऱ्याच्या फोटोत काय ठेवायचं, काय कापायचं, ऊन कोणत्या बाजूला, हे सगळं त्याने आधीच ठरवलेलं असतं. तुमच्या वाट्याला फक्त उतरवणं उरतं, आणि मन भरत नाही ते बहुधा म्हणूनच. हात बसवायला तसं काढलं तर बिघडत नाही, मात्र तेच मुख्य काम होऊ देऊ नका. स्वतः काढलेला फोटो आधाराला ठेवावा, पण खिडकीजवळचं काही असेल तर सावध राहा. खोली नीट दिसावी तर मोबाइल खिडकी पांढरीफटक करतो, खिडकी दिसावी तर खोली काळी करतो. डोळ्याला दोन्ही एकदम दिसतं.

तुमच्या सरांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. उघड्यावर बसून काढल्याने अंतर कळतं, घाईत काय सोडायचं ते कळतं, लोक मागे उभे राहून बघतात त्याची सवय होते. फक्त त्याला लडाख लागत नाही. तुमच्याकडे दोन तास आहेत आणि तुम्ही मिरजेत राहता. सतारमेकरांच्या गल्लीत दुकानाबाहेर तंबोऱ्याचे भोपळे दिसतात, कृष्णेचा घाट आहे. महिन्यातून एकदा, नणंद किंवा शेजारच्या काकू थांबणार असतील त्या दिवशी, त्या दोनपैकी एका ठिकाणी जा. ‘बाहेर पडता येईल तोवर थांबू’ हा पर्याय मात्र मला मान्य नाही. तुम्ही ज्याची वाट बघता आहात ते नेमकं काय आहे, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. चित्रकलेची वाट सासूबाईंचं आजारपण संपण्याशी बांधली तर मनावर जो भार येईल, तो त्यांच्यासाठीही वाईट आणि तुमच्यासाठीही.

आणि काही दिवस असे येतील की अर्धा तास मिळेल, ट्रे समोर असेल, अळूही उन्हात असेल, आणि हात उचलणार नाही. रुग्णाची सेवा करणाऱ्या बाईच्या बाबतीत त्याचं कारण बहुतेक वेळा थकवा असतो. त्या दिवशी झोपा. तो अर्धा तास तरीही तुमचाच आहे. असे दिवस आठवड्यांमागून आठवडे येऊ लागले आणि दुसऱ्या कशातच मन लागेनासं झालं, तर डॉक्टरांशी बोला. चित्रं नंतर.

शेवटी सासूबाईंच्या खोलीबद्दल. तुमच्या पत्रात ती खोली अडथळा म्हणून आली आहे. पण तुमचा दिवसाचा सर्वांत जास्त वेळ तिथेच जात असणार. तिथे पलंगाशेजारी औषधांच्या बाटल्या आहेत, पाण्याचं भांडं, चष्मा, कदाचित जपाची माळ. तपकिरी बाटलीतून खिडकीचं ऊन गेलं की पलीकडे सावलीतही तपकिरी उजेड पडतो, तो पाहा. सावंतवाडीकडचे सा. ल. हळदणकर यांचं हातात दिवा धरलेल्या तरुणीचं जलरंगचित्र तुम्ही कॅलेंडरवर कधीतरी पाहिलं असेल. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि कित्येक लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. दिव्याच्या ज्योतीपुढे तिने आडवा धरलेला हात आहे आणि बोटांच्या कडांतून उजेड लालसर होऊन झिरपतो आहे. त्या चित्रासाठी दिवा धरून उभी राहिली ती हळदणकरांची स्वतःची मुलगी.

घरातलं माणूस काढायचं तर आधी विचारायला हवं, आजारी माणसाला तर नक्कीच. सासूबाईंना सरळ विचारा, ‘तुमचे हात काढू का?’ चेहऱ्यापासून सुरुवात करू नका. आजारपणातला चेहरा कागदावर बघणं त्यांना जड जाईल आणि तुम्हालाही. हात पांघरुणावर बराच वेळ एका जागी असतात, नखं, शिरा, सैल झालेली बांगडी असं काढायला भरपूर असतं, आणि काढताना दोघींना बोलताही येतं. त्या नको म्हणाल्या तर बाटल्या आहेतच. हो म्हणाल्या तर झालेलं चित्र सगळ्यांत आधी त्यांना दाखवा, आणि ग्रुपवर टाकायचं की नाही तेही त्यांनाच विचारा.